पाटाची साक्ष

आमचं पहिलं कोर्ट भरलं ते भिंगारच्या घरात, चुलीसमोर. न्यायाधीश म्हणून आईला बसवलं, कारण तिच्या हातात फुंकणी होती आणि ती आपटली की घरातलं कुणीही गप्प बसायचं. दाजींच्या जागी कोपऱ्यातला पाण्याचा रांजण धरला. दोघांची पोटं सारखीच, त्यामुळे फार कल्पना लढवावी लागली नाही. आणि मी झालो समोरच्या बाजूचा वकील. आबांनी कॅम्पातल्या लिलावात घेतलेला मिलिटरीचा जुना ओव्हरकोट अंगात चढवला. तो माझ्या घोट्यापर्यंत यायचा. मी एक हात पाठीमागं घेतला, मान तिरकी केली, नाकातून आवाज काढला, "मिलॉर्ड, ही बाई कोण? हिला माझा अशील ओळखत नाही!" आणि रांजणाकडं बोट दाखवलं.

अक्का हसली. भाकरी थापता थापता पिठाचा हात तोंडावर धरून हसली. माहेरी परत आल्यापासून ती हसलेली मी बघितलीच नव्हती. मग काय, मला जोर चढला.

मला नकला करायचा नाद शाळेपासूनचा. मॅट्रिक कसाबसा झालो आणि भिंगारच्या बाजारात भाड्यानं सायकली देणाऱ्या एका दुकानात चिकटलो. हवा मारायला येणाऱ्या हवालदाराचं हिंदी, पाथर्डीच्या एस्टीच्या कंडक्टरची शिट्टी, तपकीर ओढल्यावर शिंक न आलेले आमचे हेडमास्तर, हे सगळे माझ्या घशात राहायला होते. बाजारात मला कुणी नावानं हाक मारायचं नाही. लहानथोर सगळे म्हणायचे, "ए नकल्या." घरातही तेच.

त्या संध्याकाळी मात्र गंमत म्हणून कोर्ट भरवलेलं नव्हतं. आबांना तालीम द्यायची होती. पंधरवड्यानं नगरच्या खऱ्या कोर्टात अक्काच्या बाजूनं त्यांची साक्ष होती, आणि अक्काला कायद्यानं बायको म्हणायचं का नाही, ते त्या एका साक्षीवर ठरणार होतं.

आता हे असं का, ते सांगतो.

अक्काचं पहिलं लग्न लहान वयात झालं. दारात मांडव, ताशा, अंतरपाट, तांदळाच्या राशींवरून सप्तपदी, सगळं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायची रीत असते. ती मी इतकी मनापासून पाळली की नवरदेवाचा कान पानं वाढेपर्यंत लाल होता. तो चिडला नाही. उलट हसून म्हणाला, "दुसरा ऱ्हायला की, त्यो बी पिळ." फार गोड माणूस. लग्नाला फार दिवस झाले नाहीत तोच विहीर खणताना दरड अंगावर आली आणि तो गेला. अक्का मोकळ्या कपाळानं घरी आली.

आमच्यात विधवेचा पाट लावतात. पाट म्हणजे तिचं दुसरं लग्न, पण त्याला कुणी लग्न म्हणत नाही. मांडव नाही, वाजंत्री नाही, भट नाही. दिवेलागण झाली की चार पंच बोलवायचे, एक समई लावायची, दोघांना पाटावर बसवायचं, पदराला उपरणं बांधायचं, कुंकू लावायचं, हिरव्या बांगड्या भरायच्या, पंचांनी सुपारी फोडायची. झालं. सवाष्णींनी ते बघायचं नसतं, म्हणून आई स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसून होती. आणि मी त्या दिवशी नगरला इंग्रजीच्या पेपरात नापास होत होतो. त्यामुळे दाजींचा कान काही मला पिळायला मिळाला नाही. तशी पाटात ती रीतही नसते म्हणा.

दाजी सुरुवातीला चांगले होते. आमच्याकडं आले की म्हणायचे, "नकल्या, त्यो कंडक्टर कर." आणि मांडीवर थापा मारून हसायचे. मीही सासरच्या माणसाची करमणूक करावी तशी जीव तोडून करायचो. मग काही वर्षांनी त्यांच्या आईच्या मनात आलं की घरात पोर नाही. शेवगावकडची एक मुलगी बघितली गेली. आपल्याच घरात नवरी येणार हे अक्काला कळलं दारात मांडवाच्या मेढी रोवायला लागल्यावर. ती एक ट्रंक घेऊन भिंगारला आली. ट्रंक खाली ठेवली आणि आईला म्हणाली, "पानी दे." एवढंच.

सरकारनं कायदा केलेला होता की एक बायको असताना दुसरी करायची नाही. हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला वाटलं, सरकार आपल्या बाजूनं आहे. पण कायदा दाजींनाही माहीत होता. गावात त्यांनी बोलायला सुरुवात केली की पहिली बायको होतीच कुठं? विधवा बाई होती, घरात कामाला ठेवली होती. ठेवली होती. हा शब्द गावातून पाथर्डीच्या एस्टीत बसून भिंगारला आला, आणि नळावर पाणी भरताना अक्काच्या कानावर पडला.

त्या दिवशी तिनं स्वतःहून विषय काढला. आबांच्या पायाशी बसली. म्हणाली, "आबा, मला त्यांच्या घरी न्हाई जायचं. त्यांचं काय बी नको. पन कुनीतरी एकदा मोठ्यानं म्हनावं, की मी बायकू हुते."

"पंच म्हनतील की," आबा म्हणाले.

पंचांपैकी एक म्हातारा वारला होता. दोघं दाजींच्या नव्या सोयरिकीतले निघाले. चौथे स्वतः आबा.

मग नगरला वकील गाठला. तोंडात पान, टेबलावर पानाचा डबा, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी माणसाला वाटावं आपण जिंकलो. त्यानं खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज करायला सांगितलं. अर्ज मंजूर झाला म्हणजे कोर्टानं तिला बायको मानलं, असा त्याचा हिशोब. दाजींनी उत्तर दिलं की लग्न झालेलंच नाही. आमचा वकील आबांना म्हणाला, "हे बघा, कायद्याला लग्न दिसावं लागतं. होम, सप्तपदी. तुमचा पाट तुम्हाला दिसतो, मलाही दिसतो. कायद्याला धूसर दिसतो. रीत म्हणून सिद्ध करायचा तर गावोगावचे साक्षीदार आणा. ते होणार आहे का?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"मग सरळ उभं राहायचं आणि म्हणायचं, सप्तपदी झाली. दोन शब्द. दुसऱ्या बाजूला तिथं हजर असलेला कुणी साक्षीदार उभा राहायला तयार नाही. दोन शब्दांवर काम होतंय."

आता आमचे आबा काय चीज होते ते सांगितल्याशिवाय या दोन शब्दांचं वजन कळायचं नाही. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून टाकायचे. कुणालाच खरी तारीख माहीत नसायची, आणि एक जून सगळ्यांना सोयीची. माझ्या वेळी आबा म्हणाले, "न्हाई गुरुजी. ह्यो पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला." गुरुजी म्हणाले, "अहो, चालतंय की एक जून." आबा म्हणाले, "पोळा जूनमंदी कसा येईल?" शेवटी गुरुजींनी कुणाच्या तरी घरून जुनं पंचांग मागवलं आणि वैतागून तारीख काढली. आख्ख्या वर्गात एक जूनला न जन्मलेला मी एकटा. पोरं म्हणायची, "हा आपल्यातला न्हाई."

आबा कॅम्पात लष्करी गोदामात मजूर होते. तिथंही साहेब लोक म्हणायचे, ह्याला विचारा, हा खरं सांगेल. त्याचा त्यांना कधी फायदा झाला नाही, पण तोटा झाला तरी ते तो मनावर घ्यायचे नाहीत. अशा माणसाला वकिलानं खोटं बोलायला सांगितलं होतं.

दोन दिवसांनी ते सायकलच्या दुकानात आले. मी पंक्चर काढत होतो. माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि पाण्याच्या घमेल्यातल्या बुडबुड्यांकडं बघत म्हणाले, "नकल्या, तू गनपतीतल्या नाटकात पोलिस हुतोस. मंग पाप लागतं का रे?"

"नाटकात कसलं पाप आबा?"

"समद्यांला ठाव असतं का, की तू पोलिस न्हाईस?"

"असतं की."

त्यांनी पाण्यात बोट फिरवलं. "आन ठाव नसलं तर?"

मी ट्यूब पुसली आणि म्हणालो, "अक्कासाठी करायचंय आबा." ते उठले, धोतर झटकलं. "व्हय. अक्कासाठी करायचंय. मंग तू मला शिकीव."

तर अशी ती तालीम.

मी ओव्हरकोटात, आबा स्टुलावर, आई फुंकणी घेऊन. मी आधी आमचा वकील झालो, पान चघळत विचारलं, "सप्तपदी झाली होती का?"

आबांनी आईकडं बघितलं. "झाली."

"मोठ्यानं! साहेबाला ऐकू जाऊ द्या."

"झाली सायेब."

मग मी समोरचा वकील झालो. तो मी बघितलेला नव्हता, म्हणून आमच्या हेडमास्तरांचे डोळे, हवालदाराची छाती आणि शेजारच्या बोकडाची दाढी असा जोडून बनवला. आबांवर ओरडलो, टेबल म्हणून उपडं घातलेलं घमेलं बडवलं, "खोटं! साफ खोटं! कुठं झाली? कधी झाली? कुणी बघितली?" आबा घाबरून "झाली, झाली, झाली" म्हणत राहिले. आईनं फुंकणी आपटली. "माझ्या नवऱ्याला वरडू नकू." सगळे हसलो. अक्का त्या वेळी हसली नाही. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "आबा, तुमाला जमंल ना?"

"जमंल की," आबा म्हणाले. "ह्यो शिकिवतोय न्हवं का."

रोज संध्याकाळी तालीम व्हायची. आबा तयार झाले. अगदी पाठ. मी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी "झाली सायेब" म्हणाले असते.

तारखेच्या दिवशी टांगा केला. आईनं अक्काच्या हातात हिरव्या बांगड्या भरून तिला पाठवलं. आबांनी धुतलेला सदरा, नवी टोपी. नगरच्या कोर्टाच्या आवारात तर मला कुठं बघू आणि कुठं नको असं झालं. स्टॅम्पवाले, टाइपराइटरचा कडकडाट, दोन कोंबड्या काखोटीला मारून आलेला एक अशील. एका दारावर पाटी होती, नक्कल विभाग. कागदांच्या नकला मिळायची जागा ती. मी अक्काला म्हणालो, "बघ, माझी सोय केलीय सरकारनं." ती हसली थोडी. बरं वाटलं.

तेवढ्यात समोरून दाजी आले. मला बघितलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काय नकल्या?" चेहऱ्यावर ते जुनं हसू. मग माझ्या मागं अक्का दिसली. हसू तिथंच गोठलं. ते वळून त्यांच्या वकिलाशी बोलायला लागले. अक्का डोक्यावरचा पदर नीट करत होती, नवरा समोर आला की बाई करते तसा.

पुकारा झाला. आबांनी कोर्टाच्या खोलीबाहेर चपला काढल्या. पट्टेवाला म्हणाला, "चालतंय बाबा, घाला." आबा म्हणाले, "नगं." अनवाणी आत गेले, आणि पिंजऱ्यात चढताना त्याच्या लाकडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा. मी मागच्या बाकावरून बघत होतो. तालमीत आम्ही सगळं बसवलं होतं. हे बसवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आम्ही तालमीत घेतली नव्हती. शपथ. कारकुनानं म्हणून घेतली, "ईश्वरसाक्ष खरे सांगेन, खोटे सांगणार नाही." आबांनी ती एकेक शब्द थांबत म्हटली.

आमच्या वकिलानं नाव, गाव, धंदा विचारला. मग, "तुमच्या मुलीचं प्रतिवादीशी लग्न झालं?"

"झालं."

"सप्तपदी झाली होती का?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, आबांच्या आवाजात. पण आबा वकिलाकडं बघत नव्हते, मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं बघत होते. साहेब तसे तरुण होते, चष्म्याचे. त्यांनी मान वर केली. "बोला बाबा."

"सायेब, म्या आत्ता ईश्वरसाक्ष म्हनलो."

"हो. मग खरं असेल ते सांगा."

आणि आबा बोलायला लागले. अंगावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे. "पाट हुता सायेब. पाटात सात पावलं नसत्यात. ती पयल्या लग्नात चालली हुती माझी लेक. बाई एकदाच चालती ती. पन पाट खोटा नव्हं. चार पंच हुते. समई हुती. म्या सवता पदराला गाठ मारली. ह्यांनी कुकू लावलं, ह्या हातानं. सुपारी फोडली. म्या लेक दिली सायेब. आमच्यात अशीच देत्यात."

वकिलानं घाईघाईनं विचारलं, "म्हणजे काहीतरी पावलं चालली असतील ना? आठवून सांगा. अग्नी?"

"अग्नी न्हाई. समई हुती."

साहेबांनीही पुन्हा विचारलं, फार सांभाळून. त्यांना बहुतेक आबांना एक संधी द्यायची होती. "होम वगैरे काही?"

"न्हाई सायेब. त्यो पाटात नसतो."

साहेब खाली मान घालून लिहीत राहिले. मग समोरचा वकील उभा राहिला. त्याच्यासाठी मी बोकडाची दाढी बनवली होती, घमेलं बडवलं होतं, आबांना किती संध्याकाळी घाम फोडला होता. तो बारीकसा, सभ्य माणूस निघाला. म्हणाला, "नो क्वेश्चन्स." आणि खाली बसला.

बाहेर आल्यावर आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. आबांना ते दिसलंच नाही. ते खूश होते. खरंच खूश होते, हे मी कसं सांगू. चपला घालता घालता अक्काला म्हणाले, "समदं रीतसर सांगितलं बघ. काय बी ठिवलं न्हाई. आन सायबानं समदं लिवून घेतलं, सवताच्या हातानं. म्या बघत हुतो. खरं ऐकल्यावर मानूस लिवूनच घेतो."

अक्कानं त्यांच्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. माझ्याइतकंच कळलं होतं, जास्तच. ती म्हणाली, "बरं केलं आबा."

टांग्याजवळ आबांनी तिच्यासाठी पेरू घेतले. भिंगार येईपर्यंत तिनं ते ओच्यात धरून ठेवले, एकही खाल्ला नाही.

निकाल लागायला पावसाळा लागला. लागला म्हणायचं, पाऊस नव्हताच. ते बहात्तरचं साल. वकिलानं आम्हाला बोलावलं आणि इंग्रजी कागद समोर धरून मराठीत सांगत गेला. साक्षीदार अत्यंत सत्यवचनी वाटतो. मुलीचा बाप असूनही त्यानं काही लपवलं नाही. त्याच्या साक्षीवर अविश्वास ठेवायला कारण नाही. आणि त्याच्याच साक्षीवरून शाबीत होतं की सप्तपदी व होम झालेला नाही. पाटाची रीत असल्याचा दुसरा पुरावा नाही. सबब अर्जदार ही प्रतिवादीची कायदेशीर पत्नी असल्याचं सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.

आबा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी मी खरं बोललो, आसं म्हनतोय ना सायेब?"

"हो. तेच म्हणतोय."

"मंग?"

वकिलानं पानाचा डबा उघडला आणि बंद केला.

"खरं हाय म्हनतोय, आन बायकू न्हाई म्हनतोय? दोनी कसं आसंल?"

मी इतक्या माणसांच्या नकला केल्यात, पण आबांच्या त्या 'मंग'ची नक्कल मी कधी केली नाही. कुणी हजार वेळा सांगितलं तरी करणार नाही.

मी तेव्हापासून त्या साहेबांचा राग करायचा प्रयत्न करतोय, आणि मला जमत नाही. माणूस वाईट नव्हता. कायदा केला होता तोसुद्धा अक्कासारख्या बायांसाठीच, कुणी एकीवर दुसरी आणू नये म्हणून. पण पाट लग्न नाही म्हटल्यावर दाजींना बायको एकच. मांडवातली. सगळं कायदेशीर. माझ्या धंद्यातलं मला एवढं कळतं की नक्कल ओळखू यायला दोन-तीन खुणा लागतात. शिट्टी वाजवली की कंडक्टर, तपकीर ओढली की हेडमास्तर. खुणा बरोबर असल्या की लोक टाळ्या वाजवतात, मग आत कुणी का असेना. आणि खुणा नसल्या तर खरा माणूस समोर उभा राहिला तरी ओळखत नाहीत. कोर्टातही तसंच असेल असं मला वाटलं नव्हतं. आबांना तर मुळीच वाटलं नव्हतं.

वकील म्हणाला, वर अपील करू. अक्का म्हणाली, "नगं. आबांना परत उभं करू नका."

घरात कुणी आबांना बोल लावला नाही. तेच जास्त वाईट झालं. कुणी बोललं असतं तर ते उत्तर देऊ शकले असते. ते कामावरून आले की अक्काच्या जवळपास घोटाळत. तिचा हंडा उचलायला जात. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आबा," आणि ते बाजूला होत, तालमीत "मोठ्यानं" म्हटल्यावर दचकायचे तसे.

दुष्काळ वाढला तशी सरकारनं रस्त्याची कामं काढली. अक्का खडी फोडायला जायला लागली. पहिल्या दिवशी मी तिला सायकलवर सोडायला गेलो. हजेरीवाला कारकून टोपीखाली रुमाल घेऊन बसला होता. अक्कानं स्वतःचं नाव सांगितलं. त्यानं मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. असं कुणी विचारलं की शेजारच्याकडं बघते आणि तो सांगतो. मला वाटलं, आता तिला ती अडचण राहिली नाही. ती म्हणेल, न्हाई, किंवा म्हणेल, बापाचं लिवा. तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी नाव सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं. इतकं सोपं होतं ते. नगरच्या सरकारनं नाही म्हटलं होतं आणि रस्त्यावरच्या सरकारनं उन्हात बसून दोन सेकंदात हो म्हटलं. मी तिला ते विनोद म्हणून सांगणार होतो. ती तोवर हातोडा घेऊन खडीच्या ढिगाकडं गेली होती.

त्यानंतरची एक संध्याकाळ. आबा ओव्हरकोट घेऊन माझ्यासमोर आले. म्हणाले, "घाल."

"कशाला आबा? उकडतंय."

"घाल रं. वकील हो. इचार मला."

आई चुलीशी होती, अक्का काथवटीत पीठ मळत होती. मी आईकडं बघितलं. तिनं डोळ्यांनी सांगितलं, घाल. मी कोट घातला. एक हात पाठीमागं घेतला. नाकातला आवाज काढायला गेलो तर तो आलाच नाही, माझाच आवाज आला. "सप्तपदी झाली होती का?"

आबा स्टुलावर ताठ बसले. "व्हय सायेब. झाली. सात पावलं. म्या डोळ्यानं बघितली." आणि सांगायलाच लागले. तालमीत कधी एवढं बोलले नव्हते. "तांदळाच्या राशी मांडल्या हुत्या. पयलं पाऊल टाकलं तवा लेकीच्या पायात लुगडं आडाकलं. म्या वाकून सरळ केलं. तिसऱ्याला ती हसली. हसली म्हनून तिच्या आईनं डोळं वटारलं. धूर लई हुता, डोळ्यातनं पानी येत हुतं समद्यांच्या. आन नकल्यानं कान पिळला. आसा पिळला सायेब, लाल बुंद झाला. तर पोरगं म्हनतंय, दुसरा बी पिळ..."

मी तसाच उभा राहिलो. पाटाच्या दिवशी मी नगरला होतो. सवाष्ण म्हणून आईनं तिकडं तोंडसुद्धा केलं नव्हतं. त्यांना खोटं सांगायचं होतं, आज कुणाची शपथ नव्हती, समोर आम्हीच होतो, आणि तरी त्यांना रचून काही सांगता आलं नाही. होतं तेच सांगत होते.

पिठातला हात थांबवून अक्का हळूच म्हणाली, "आबा, ते पयलं."

"आँ?"

"ते पयल्या येळंचं सांगताय तुमी."

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, कोटाकडं. "व्हय गं," म्हणाले. "ते पयलंच."

आईच्या हातात फुंकणी होती. ती आपटायची वेळ होती, पण तिनं ती तोंडाला लावली आणि विझत आलेल्या चुलीत फुंकर घातली. मी कोट काढून खुंटीला अडकवला. अक्कानं पहिली भाकरी तव्यावरून काढली, तिच्यावर हातानं चटणी ठेवली आणि आबांच्या पुढ्यात ताट सरकवलं.

"जेवा," ती म्हणाली.